जमा आणि येणे

माझे सारे आयुष्य आकड्यांत गेले. मालेगावातल्या एका पतसंस्थेत मी तीस वर्षे हिशेबनीस होतो. सकाळी खतावणी उघडायची, संध्याकाळी रोकड जुळवायची आणि मगच घरी जायचे, हा माझा नेम. एका रुपयाचा फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नसे. निवृत्त झालो आणि खतावणी सुटली; पण सवय काही सुटली नाही. मोहल्ल्यातली माणसे अजूनही कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला कर्जाचा हप्ता समजून घ्यायचा असतो, कुणाला विम्याची पावती वाचून हवी असते. अलीकडे मात्र बहुतेक कागद एकाच प्रकारचे असतात. ते असतात महाविद्यालयांचे आणि शिष्यवृत्त्यांचे.

जून महिना जवळ आला, की कुणी ना कुणी मुलगा किंवा मुलगी विचारते, "चाचा, कॉलेज बदललं तर खर्च कमी होईल का? तिकडे स्कॉलरशिप जास्त आहे म्हणतात." या प्रश्नाला मी चटकन 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. मी म्हणतो, "बैस. कागद काढ. आपण लिहून बघू." कारण या प्रश्नाचे उत्तर माणसामाणसाला वेगळे येते. एकाच घरातल्या दोन मुलांनासुद्धा वेगळे येते. हे मी माझ्या आपाच्या घरी स्वतः पाहिले. तीच हकिगत इथे सांगतो.

आमचे गाव यंत्रमागांचे. आपाचे यजमान, म्हणजे माझे दुल्हेभाई, दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवतात. मजुरी आठवड्याला मिळते. शुक्रवारी लूम बंद असतात. सुताचा भाव चढला किंवा कापडाला उठाव नसला, की कारखाना चार चार दिवस बंद राहतो आणि तेवढी मजुरी बुडते. अशा घरात महिन्याचे अंदाजपत्रक नसते, आठवड्याचे असते. महाविद्यालयाचे शुल्क मात्र वर्षाचे असते आणि ते एका ठरावीक तारखेला मागितले जाते. गरीब घराची खरी अडचण इथे आहे. पैसे कमी असतात हे तर आहेच. पण जे असतात तेही वेळेवर हातात नसतात.

आपाला दोन मुले. मोठा मुलगा आणि त्याच्याहून एका वर्षाने लहान मुलगी. भाचा 2022 साली बारावी झाला आणि नाशिकच्या एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला लागला. भाचीने दहावीनंतर गावातल्याच एका तंत्रनिकेतनात पदविकेला प्रवेश घेतला होता. 2024 च्या उन्हाळ्यात भाच्याची दोन वर्षे पुरी झाली आणि त्याच वेळी भाचीची तीन वर्षांची पदविका संपली. घरात दोन प्रश्न एकदम उभे राहिले. मुलाला महाविद्यालय बदलायचे होते आणि मुलीला नवे महाविद्यालय शोधायचे होते.

भाचा सुट्टीत घरी आला, तो एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊनच. पुण्याच्या बाजूच्या एका खासगी विद्यापीठाचे ते पत्रक होते. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'गुणवत्ता शिष्यवृत्ती, शुल्कात 50 टक्के सवलत'. भाचा अभ्यासात हुशार. गुण चांगले होते. तो म्हणाला, "मामू, इथं सरकार निम्मी फी देतं, तिथं विद्यापीठच निम्मी सोडतं. निम्मी ती निम्मीच. शिवाय ते मोठं नाव आहे. मग मी तिकडे का जाऊ नये?"

मुलाचे म्हणणे ऐकायला सरळ होते. दुल्हेभाईंनी माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा. आम्हाला यातलं काय कळतं?" आपा काही बोलली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. घरातली बिशी तिच्या हातात असते, म्हणून खरी काळजी तिलाच होती.

मी जुन्या वहीचे एक कोरे पान काढले. मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे नाशिक लिहिले, उजवीकडे नवे विद्यापीठ.

नाशिकचे शिक्षण शुल्क वर्षाला 84,000 रुपये होते आणि विकास शुल्क 8,400. दोन्ही मिळून 92,400. आमचे कुटुंब इतर मागास वर्गात मोडते आणि उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली आहे. भाच्याचा प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला होता. त्यामुळे त्याच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम, म्हणजे 42,000 रुपये, सरकारकडून मिळत होती. विकास शुल्काला ही सवलत नसते. म्हणजे पदरचे भरायचे ते 50,400. खोली आणि खाणावळ मिळून महिना 5,000, दहा महिन्यांचे 50,000. एकूण बेरीज 1,00,400 रुपये.

आता उजवी बाजू. तिथले वर्षाचे शुल्क 2,20,000 रुपये. त्यात निम्मी सवलत मिळाली, तरी 1,10,000 उरतातच. वसतिगृहात राहणे सक्तीचे. त्याचे आणि जेवणाचे 90,000. एकूण बेरीज 2,00,000 रुपये.

भाचा वहीकडे बघत राहिला. मी म्हटले, "बेटा, टक्का म्हणजे रक्कम नव्हे. निम्मा टक्का दोन्हीकडे सारखा दिसतो. पण कशाचा निम्मा, हे आधी विचारायचं. तिथली अर्धी फी ही इथल्या सगळ्या फीपेक्षा जास्त आहे."

तो हुशार, पण हट्टीही. म्हणाला, "पण मग सरकारची सवलत आणि विद्यापीठाची सवलत, दोन्ही मिळाल्या तर?"

प्रश्न चांगला होता. आम्ही पत्रकावरच्या क्रमांकावर फोन केला. तिथला प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होत नव्हता. विद्यापीठ आपले प्रवेश आपणच देत होते. म्हणून सरकारची निम्मी रक्कम तिथे मिळणार नव्हती. सरकारी सवलत ही विद्यार्थ्याच्या पाठीवर बांधलेली पिशवी नव्हे, की तो जाईल तिथे ती त्याच्याबरोबर जावी. बहुधा ती विद्यार्थी, अभ्यासक्रम आणि प्रवेशाची पद्धत या तिन्ही गोष्टींना मिळून बांधलेली असते. त्यांतली एक गाठ सुटली, की सवलत सुटते.

मी पत्रक उलटून पाहिले. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी होत्या. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहण्यासाठी ठरावीक श्रेणी टिकवावी लागणार होती. ती एका वर्षी घसरली, की सवलत बंद. मग वर्षाचे 2,00,000 नव्हे, तर 3,10,000 रुपये भरावे लागले असते. नवे विद्यापीठ, नवे शिक्षक, नवा अभ्यासक्रम. पहिल्या सहा महिन्यांत गुण घसरणे अगदी स्वाभाविक. नेमक्या त्याच वर्षावर सगळी सवलत अवलंबून होती. पतसंस्थेत आम्ही कर्जाचा करारनामा नेहमी शेवटच्या पानापासून वाचायचो. पहिल्या पानावर रक्कम असते, शेवटच्या पानावर अटी असतात.

अजून एक खर्च होता, तो पत्रकावर कुठेच नव्हता. दोन विद्यापीठांचे विषय सारखे नसतात. चौकशी केली तेव्हा कळले, की भाच्याने दोन वर्षांत केलेल्या विषयांपैकी काही तिकडे धरले जाणार नव्हते आणि तिकडचे तीन विषय त्याला नव्याने द्यावे लागणार होते. ते वेळेत सुटले तर ठीक. नाही सुटले, तर आणखी एक वर्ष. एक वर्ष वाढणे म्हणजे त्या वर्षाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च तर वाढतोच. शिवाय नोकरी लागून जो पगार घरात आला असता, तोही वर्षभर येत नाही. हिशेबात हे दोन्ही आकडे खर्चाच्या बाजूला लिहायचे असतात.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत महाविद्यालय बदलणे ही रोजची गोष्ट आहे. पुष्कळ विद्यार्थी पहिली दोन वर्षे गावाजवळच्या स्वस्त सामुदायिक महाविद्यालयात काढतात आणि नंतर विद्यापीठात जातात. पैसे वाचवण्याचा तो मान्य मार्ग आहे. तरीही तिथल्या सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने 2017 साली एक अहवाल दिला. 2004 ते 2009 या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत, असा त्यात अंदाज होता. सरकारी महाविद्यालयातून दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात जाणाऱ्यांचे नुकसान त्या मानाने कमी होते. ज्याचे श्रेयांक बुडाले, त्याला तेच विषय पुन्हा पैसे भरून शिकावे लागतात. मग शिष्यवृत्तीत मिळालेले तिथेच जिरते. आपल्या देशात 2021 साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत धरले जावेत, हा तिचा हेतू. हेतू चांगला आहे. पण बँकेत श्रेयांक जमा असणे आणि नव्या महाविद्यालयाने ते आपल्या अभ्यासक्रमासाठी मान्य करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून कोणते विषय धरले जातील, हे जाण्याआधी लेखी मागून घ्यावे.

भाच्याने शेवटी विचारले, "मग इथंच राहून आणखी काही मदत मिळणार नाही का?"

मला हा प्रश्न त्या दिवसाचा सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. दुसरीकडे जाण्याआधी आहे तिथे काय मिळते, ते बघावे. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणाऱ्या मुलांना ती मिळू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये. पण तिचा नवा अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो. भाच्याची ती वेळ गेली होती. मात्र नाशिकची महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे 'कमवा आणि शिका' योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आपल्या महाराष्ट्राला शिकवलेला हा मार्ग. भाच्याने महाविद्यालयात जाऊन विचारले. त्याला ग्रंथालयात रोज थोडा वेळ काम मिळाले. रक्कम मोठी नव्हती. पण खाणावळीचा काही भाग तिच्यातून सुटू लागला. भाचा नाशिकलाच राहिला.

आता भाचीचे ऐका. तिची गोष्ट अगदी उलटी आहे.

पदविका झालेल्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे तिला संस्था बदलणे भागच होते. निकाल लागायच्या आतच गावाजवळच्या एका खासगी महाविद्यालयाचा माणूस घरी आला. म्हणाला, "आमच्याकडे संस्थेच्या कोट्यात जागा आहे. उद्याच पैसे भरा. 70,000 पैकी 10,000 माफ करतो. मुलगी घरी राहील, बाहेर पाठवायची चिंता नाही." दुल्हेभाईंना हे पटले. मुलगी डोळ्यांसमोर राहील, 10,000 वाचतील, आणखी काय हवे? त्यांनी बिशीतून रक्कम काढायलाही सांगितले.

आपाने मात्र मला निरोप पाठवला. "तू ये आणि बघ. घाईनं पैसे मागणाऱ्या माणसाची मला भीती वाटते," असे तिने कळवले. माझी आपा पाचवीपर्यंत शिकलेली. पण बिशी चालवणाऱ्या बाईला माणूस ओळखता येतो.

तेवढ्यात 8 जुलै 2024 रोजी राज्य सरकारचा एक निर्णय निघाला. इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ही माफी निम्मी होती. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून ती पूर्ण झाली. पण एक अट होती. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला, तर माफी नाही.

मी पुन्हा वहीचे पान काढले. या वेळी रेघा दोन मारल्या, कारण रकाने तीन होते.

पहिला रकाना : गावाजवळचे खासगी महाविद्यालय, संस्थेचा कोटा. वर्षाला 60,000. तीन वर्षांचे 1,80,000.

दुसरा रकाना : तेच महाविद्यालय, पण केंद्रीभूत प्रक्रियेतून. शिक्षण शुल्क शून्य. इतर शुल्क 8,000. तीन वर्षांचे 24,000.

दुल्हेभाई म्हणाले, "म्हणजे इमारत तीच, वर्ग तोच, शिक्षक तेच आणि फरक दीड लाखाचा?"

"हो," मी म्हटले. "फरक फक्त कोणत्या दारातून आत गेलो याचा."

पत्रकातले 10,000 रुपये खरोखरच माफ होणार होते. त्या माणसाने खोटे काही सांगितले नव्हते. पण त्या 10,000 साठी घाई केली असती, तर तीन वर्षांत 1,56,000 रुपयांवर पाणी सोडावे लागले असते. लहान सवलत कधी कधी मोठ्या सवलतीच्या आड उभी राहते.

तिसरा रकाना जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा होता. तिथेही शिक्षण शुल्क माफ. इतर शुल्क सुमारे 7,000. वसतिगृह आणि खाणावळ मिळून 40,000. वर्षाचे 47,000, तीन वर्षांचे 1,41,000.

पैशांचाच विचार केला, तर दुसरा रकाना सर्वांत स्वस्त होता, यात शंका नव्हती. मी तसे सांगितलेही. मग भाची बोलली. ती एरवी वडिलांसमोर फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "मामू, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुम्ही फक्त जाणारे पैसे लिहिले. शिकून झाल्यावर येणारे लिहिले नाहीत. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले आहे. इथं प्रयोगशाळेत एका संगणकावर तीन मुली बसतात. तिथं कंपन्या मुलाखतीला येतात. मला तिथं जायचं आहे."

घरात थोडा वेळ कुणी बोलले नाही. बाहेर लूमचा आवाज चालू होता. आमच्याकडे तो इतका सवयीचा आहे, की माणसे गप्प झाली तरच ऐकू येतो.

दुल्हेभाईंची अडचण पैशांची होती, तशी मनाचीही होती. मुलीला परगावी वसतिगृहात ठेवायचे, हे त्यांच्या घराण्यात कधी झाले नव्हते. मी त्यावर काही बोललो नाही. ते माझे काम नव्हते. मी फक्त एवढेच केले, की भाच्याचे पान आणि भाचीचे पान शेजारी शेजारी ठेवले. भाचा पुण्याच्या बाजूला गेला असता, तर वर्षाला 99,600 रुपये जास्त लागले असते. तो गेला नाही. भाचीला जळगावला पाठवायचे, तर घरी ठेवण्यापेक्षा वर्षाला 39,000 रुपये जास्त लागत होते. घर एक, बिशी एक, मजुरी एक. एका मुलाचे पान दुसऱ्या मुलाच्या पानाला चिकटलेले असते. मुलाच्या रंगीत पत्रकाला आपण हो म्हटले असते, तर मुलीला हो म्हणायला घरात काही उरलेच नसते. आणि अशा वेळी कुणाला नाही म्हटले जाते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

दुल्हेभाईंनी दोन्ही पानांकडे बराच वेळ पाहिले. मग आपाकडे वळून म्हणाले, "जळगावला जाऊन वसतिगृह बघून येऊ. तूही चल."

ते दोघे जाऊन आले. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंशी आपा तासभर बोलली. परत आल्यावर तिने भाचीची सुटकेस माळ्यावरून खाली काढली. एवढ्यावरून आम्ही काय ते समजलो. भाचीने पसंतीक्रमात जळगाव पहिले लिहिले. तिला तिथे जागा मिळाली.

पुढे सगळे सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या फेऱ्या झाल्या. नॉन-क्रीमीलेयरचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, यांतली एक गोष्ट अडली तरी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज पुढे सरकत नाही. मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' नावाची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 50,000 रुपये. ती पहिल्या वर्षात किंवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलींनाच असते. भाचीने तो अर्जही भरला. ती मिळाली, तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही, हे माहीत होते. पण रक्कम मोठी होती. यादीत तिचे नाव आले नाही. तिच्यापेक्षा जास्त गुणांच्या मुली पुष्कळ होत्या. शुल्कमाफी मात्र अशा यादीवर अवलंबून नव्हती, म्हणून आमचा हिशेब कोसळला नाही.

आमच्या धंद्यात 'जमा' आणि 'येणे' असे दोन शब्द आहेत. जमा म्हणजे हातात आलेले. येणे म्हणजे कुणाकडून तरी यायचे असलेले. दोन्ही आपलेच पैसे. पण येणे धरून खर्च करणारा माणूस अडचणीत येतो. भाच्याचे 42,000 रुपये हे येणे होते. त्याच्या महाविद्यालयाने पहिल्या वर्षी आधी पूर्ण शुल्क भरून घेतले आणि सरकारची रक्कम आल्यावर परत दिले. ती यायला वर्ष सरत आले. तेवढे महिने ते 42,000 आपाने बिशीतून आणि शेजाऱ्यांकडून उसने घेऊन भागवले. म्हणून मी मुलांना सांगतो, शिष्यवृत्ती किती आहे हे जसे विचारता, तसे ती कधी मिळते आणि तोवर कुणी थांबायचे, हेही विचारा. जी सवलत शुल्कातून आधीच वजा होते, ती जमा. जी नंतर खात्यात येते, ती येणे. जी गुणांच्या यादीवर आहे, ती अजून येणेसुद्धा नाही. ती आशा आहे. आशेला वहीत रकाना नसतो.

आता कुणी कागद घेऊन आले, की मी त्याला ठरावीक गोष्टी विचारतो. नव्या ठिकाणी सवलत वजा जाऊन प्रत्यक्ष किती भरायचे? राहणे-खाणे धरून किती? सवलत एक वर्षाची की सगळ्या वर्षांची, आणि कोणत्या अटीवर? आज मिळणारी सवलत तिकडे गेल्यावर चालू राहील का? केलेले विषय धरले जातील का? एक वर्ष वाढले तर काय? पुष्कळ शिष्यवृत्त्यांची दारे अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच उघडी असतात. मध्येच येणाऱ्याला ती बंद सापडतात. दहावीनंतर, बारावीनंतर, पदविकेनंतर, अशा वळणावर संस्था बदलली तर नवी दारे उघडतात. दोन वळणांच्या मध्ये बदलली, तर बहुधा जुने दार बंद होते आणि नवे उघडत नाही. भाचा आणि भाची यांच्या हिशेबात जो फरक पडला, त्याचे मोठे कारण हेच.

आणि शेवटी मी आणखी एक गोष्ट विचारतो. ती मला भाचीने शिकवली. "तुला तिथं जाऊन काय शिकायचं आहे?" या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ असते, त्याच्यासाठी थोडा जास्त खर्चही कधी कधी परवडतो. ज्याच्याजवळ ते नसते, त्याला निम्म्या शुल्काची जागाही महाग पडते.

भाची सुट्टीत घरी येते, तेव्हा माझ्याकडे चक्कर टाकते. मागच्या खेपेला तिच्याबरोबर गल्लीतल्या दोन मुली होत्या. दहावी झालेल्या. हातात तंत्रनिकेतनांची पत्रके. मी चष्मा शोधू लागलो, तर भाचीनेच वही ओढून घेतली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली.